तात्यांना पाचोडला नेलं

सरूबाईला पिक्चर आवडला नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. मध्यंतरापर्यंत सगळ्यांत मोठ्यानं तीच हसत होती.

दिवाळीला थोरले दीर काकासाहेब पुण्याहून आले होते, नणंद साळूबाई नाशिकहून आली होती. काकासाहेबांनी मोबाइलवरच तिकिटं काढली. पिक्चर विसराळू म्हाताऱ्याचा आहे, आपल्या तात्यांसारखाच, सगळ्यांनी मिळून बघायचा, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. सरूबाईचा नवरा बद्रीनाथ वाळूजच्या कंपनीत ऑपरेटर. त्याची सेकंड शिफ्ट होती, म्हणून तो आला नाही. शेजारच्या मनकर्णाबाईला तात्यांजवळ बसवून सरूबाई निघाली. थेटरात जायची तिची कितीतरी वर्षांनंतरची ही पहिलीच वेळ. अंधारात, गार हवेत, मऊ खुर्चीत बसल्यावर आधी तिला झोपच येऊ लागली.

पिक्चरमधला म्हातारा चहात मीठ घालायचा, भलत्याच लग्नात जाऊन जेवून यायचा, स्वतःच्या पोराला पोस्टमन समजायचा. सरूबाई हसली, कारण तिच्या सासऱ्यानंही मागच्या महिन्यात शेजारच्यांच्या घरात शिरून, माझ्या घरात कामून बसलात म्हणून त्यांनाच बाहेर काढलं होतं. मध्यंतरानंतर त्या पिक्चरमधल्या पोरांनी बापाला जुन्या जीपमध्ये घातलं आणि गावाकडं नेलं. नदी आली, चिंचेचं झाड आलं, बासरी वाजली. म्हाताऱ्यानं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिचं नाव घेतलं. सगळं थेटर नाक ओढायला लागलं. साळूबाई पदरात तोंड घालून रडत होती.

सरूबाईचं लक्ष म्हाताऱ्याच्या धोतरावर होतं. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पांढरंशुभ्र होतं. दोन-अडीच तासांत त्या घरातल्या एकाही माणसानं काही पुसलं नव्हतं, काही धुतलं नव्हतं, कुणाची चादर बदलली नव्हती. तिला एकदम राग आला. कुणाचा ते तिलाही नीट कळलं नाही.

घरी येऊन चहा टाकला तेव्हा साळूबाईचे डोळे अजून लाल होते. ती आत येऊन ओट्याला टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, राग नका मानू. पण आपण तात्याला निस्तं कोंडून टाकलंय. माया केली की माणसाला समदं आठवतं."

सरूबाईनं चहा गाळला. कपबशा भरल्या. ट्रे उचलून ती बाहेर गेली.

तात्या म्हणजे तात्यासाहेब. पाचोडच्या अंगाला त्यांचं गाव, चांगली जमीन, आणि बैलाची पारख अशी की सोयरे-धायरे बैल घ्यायचा झाला तर आधी तात्यांना घेऊन बाजाराला जात. पाच वर्षांपूर्वी सासू वारली, तेरावं उरकून काकासाहेब पुण्याला निघून गेले आणि बद्रीनाथनं तात्यांना बजाजनगरच्या घरी आणलं. जमीन वाट्यानं दिली. पहिल्या वर्षी तात्या चष्मा विसरत, मग दिवस विसरायला लागले, मग सासूबाई गेल्याचं विसरले आणि रोज संध्याकाळी तिची वाट बघायला लागले. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे वाढतच जाणार असंही सांगितलं. त्यानंतर तसंच झालं. रझाकारांच्या वेळी तात्या लहान पोरगं होते, घरच्यांनी दाणे जमिनीत पुरून ठेवलेले त्यांनी पाहिले होते. आता ते भाकरी गादीखाली पुरून ठेवायचे. मुंग्या व्हायच्या. गादी उचलली की चोर म्हणून सरूबाईवर धावून जायचे.

सरूबाईचं पोरगं नोकरीला बेंगळुरूला, पोरगी दिल्या घरी. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान होतं. कॉलनीतल्या बायका ब्लाउज तिच्याकडंच टाकायच्या. तात्यांनी दोनदा कात्री घेतली आणि एकदा गिऱ्हाइकाची साडी कापली, तेव्हा दुकान बंद झालं. मशीनवर आच्छादन पडलं आणि आच्छादनावर डायपरची पाकिटं. काकासाहेब दर रविवारी फोन करून तात्यांना बदाम द्या, कोडी घाला, असं सांगत. साळूबाई फोनवर रडायची. बद्रीनाथला महिन्यातून बहुतेक वेळा सेकंड शिफ्टच लागायची. तो यायचा तेव्हा तात्या झोपलेले असायचे.

तर त्या संध्याकाळी काकासाहेबांनी चहाचा कप ठेवला आणि जाहीर केलं की उद्या पाचोडचा बाजार आहे, तात्यांना घेऊन जायचं. जुन्या जागा दाखवल्या की मेंदू जागा होतो असं त्यांनी वाचलं होतं. साळूबाईनं टाळीच वाजवली.

सरूबाई म्हणाली, नको. गर्दीत ते बावरतात. दुपारनंतर त्यांचं डोकं फिरतं, तेव्हा ते घरात असलेलेच बरे. काकासाहेब हसून म्हणाले की तुला सवय झालीय म्हणून तुला भीती वाटते. बद्रीनाथ कामावरून आला तेव्हा त्याला विचारलं. त्यानं बूट काढता काढता सांगितलं, दादा म्हणतोय तर जाऊ. मग सरूबाईनंही नाद सोडला.

सकाळी साळूबाईनं तात्यांना नवं धोतर नेसवलं आणि फेटा बांधला. सरूबाई त्यांना नाडी नसलेला पायजमा घालायची, कारण धोतर ते कुठंही सोडायचे. आत डायपर घालायला सरूबाई आली तेव्हा साळूबाई म्हणाली, आजच्या दिवस नको ना, कसं वाटतं ते. सरूबाईनं तिला खोलीबाहेर काढलं आणि डायपर घातला. एका पिशवीत जादा डायपर, दोन पायजमे, टॉवेल, पाण्याची बाटली, गोळ्या भरल्या आणि ती पिशवी खांद्याला लावूनच ती काकासाहेबांच्या नव्या गाडीत मागं बसली.

बीड बायपास सोडून गाडी रस्त्याला लागली तसे तात्या खुलले. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागले. आडूळ आल्यावर त्यांनी ओळखीचं गाव भेटल्यासारखी मान हलवली. साळूबाई मागून त्यांचा व्हिडिओ काढत होती. "बघितलं का वहिनी," ती म्हणाली. सरूबाईनं बघितलं. तिलाही बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रागही आला.

बाजारात गाडी लावायला जागा मिळेपर्यंत ऊन चढलं होतं. काकासाहेबांनी गाडीची चावी तात्यांच्या हातात दिली आणि गाडीपुढं उभं करून सांगितलं, "तात्या, ही गाडी तुमची. म्हणा, चला बाजाराला." तात्यांनी म्हटलं. ते व्हिडिओत नीट आलं नाही म्हणून काकासाहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं. बद्रीनाथ चहाच्या टपरीकडं गेला. सकाळपासून सरूबाई बाथरूमला गेली नव्हती. आता तिला राहवेना. तिनं साळूबाईचा हात धरून तात्यांच्या हातात दिला आणि बजावलं, "ताई, काही झालं तरी हात सोडू नका."

ती परतताना तात्यांसाठी केळी घेऊन आली. काकासाहेब आणि साळूबाई गाडीच्या सावलीत डोक्याला डोकं लावून मोबाइलमध्ये बघत होते. कुठला व्हिडिओ चांगला आलाय यावर त्यांचं बोलणं चाललं होतं. तात्या नव्हते.

"तात्या कुठंयत?" सरूबाईनं विचारलं.

साळूबाईनं वर बघितलं. "इथंच होते की आत्ता."

बाजारात माणूस हरवला तर काय होतं हे सरूबाईला माहीत होतं. एका बाजूला हमरस्ता, त्यावर ट्रक. दुसऱ्या बाजूला शेतं आणि विहिरी. काकासाहेब पोलीस चौकी शोधत निघाले. साळूबाई हात चोळत तिथंच रडायला लागली. बद्रीनाथनं टपरीवरून येऊन, काय झालं, असं दोनदा विचारलं आणि मग तो कापडवाल्याच्या कर्ण्यावरून नाव पुकारायला गेला. सरूबाई साडी खोचून भाजीच्या ओळींमधून पळत सुटली. मिरच्यांच्या ढिगावर तिचा पाय पडला. मिरच्यावाली ओरडली. सरूबाईनं वळून बघितलं नाही. पळता पळता ती तोंडानं शिव्या देत होती, दिराला, नणंदेला, नवऱ्याला, त्या पिक्चर काढणाऱ्याला, आणि तात्यांनाही.

धान्याच्या ओळीत तिला रामकिसन भेटला. तो बद्रीनाथच्या कंपनीतला, इथलाच राहणारा, सुट्टी म्हणून बाजाराला आलेला. त्यानं तिला ओळखलं. फेटा घातलेले एक म्हातारे बैलबाजाराकडं जाताना दिसले असं त्यानं सांगितलं आणि तिच्या बरोबर चालायला लागला. चालता चालता, माणूस बोलायला काहीतरी बोलतो तसा तो म्हणाला, "बद्रीभाऊला दिवसा उजेडी बघून बरं वाटलं वहिनी. ते तर मागून मागून सेकंड शिफ्ट घेतात. आमी म्हणतो, वर्षभर कोण घेतं अशी? घरी काही अडचण हाय का?"

सरूबाईचा पाय क्षणभर थांबला. मग ती पुन्हा चालायला लागली. "हाय," ती म्हणाली. बैलबाजाराच्या तोंडाशी तिला सोडून रामकिसन बाकीच्यांना कळवायला मागं वळला.

बैलबाजारात लिंबाखाली माणसांचं कोंडाळं होतं. मध्ये लाल कंधारी बैलांची जोडी उभी होती आणि जोडीपुढं तात्या उकिडवे बसले होते. समोर व्यापारी, फकिरा त्याचं नाव. दोघांचे हात एका रुमालाखाली होते. बाजारातला सौदा असाच होतो, तोंडानं भाव बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा. तात्यांची बोटं रुमालाखाली हलत होती. मग ते उठले, गुडघ्यावर हात न ठेवता उठले. त्यांनी डाव्या बैलाचा जबडा उघडून दात बघितले आणि फकिराला सुनावलं, "सहादाती म्हणून सांगतो व्हय रे? जुळलेला हाय ह्यो. मला शिकवतो?"

भोवतालची माणसं हसली, फकिराही हसला. खरंच बैलाचे आठही दात जुळले होते, फकिरा वय कमी सांगत होता. सरूबाई घामानं भिजलेली, कोंडाळ्याच्या कडेला उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हाचे तात्या असेच होते, तिला विसर पडला होता. थोडा वेळ तिनं त्यांना हाक मारली नाही.

म्हाताऱ्याच्या घरचं कुणी आलं हे ताडून फकिरानं तिच्याकडं बघत हातातली गाडीची चावी उचलून दाखवली. म्हाताऱ्यानं ती इसार म्हणून दिली होती. सौदा पक्का झाला होता. "बैलजोडीच्या इसारात मोटार," तो म्हणाला, "आजवर असा गिऱ्हाईक पाहिला नाय बाई."

ऊन आता थेट तात्यांच्या डोक्यावर आलं होतं. त्यांचे ओठ सुकले होते. सरूबाईनं पुढं होऊन त्यांचा दंड धरला. "तात्या, चला. पाणी पिऊ."

तात्यांनी तिच्याकडं बघितलं आणि हात झटकला. त्यांचा चेहरा बदलला. "ही बाई," ते माणसांना सांगायला लागले, "ही बाई मला कोंडती. भाईरून कडी लावती. मला हिच्यासंगं धाडू नका."

हसणारी माणसं तिच्याकडं वळून बघायला लागली. एका पागोटेवाल्यानं विचारलं, कोण हाय ही? तेवढ्यात काकासाहेब, साळूबाई आणि बद्रीनाथ धावत आले. काकासाहेबांच्या हातात मोबाइल होताच. साळूबाई मातीत गुडघे टेकून बापाच्या पायाशी बसली. तात्यांनी वाकून तिच्याकडं निरखून बघितलं.

"साळू?" ते म्हणाले. "शाळा सुटली का?"

साळूबाईचा बांध फुटला. ती त्यांच्या पोटाला बिलगली. भोवतालच्या माणसांचेही डोळे भरून आले. पागोटेवाला सरूबाईकडं वळून म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला असं कोंडू नये बाई. पाप लागतं."

सरूबाईनं दिराकडं बघितलं. ही आमच्या घरची सून आहे, हिनंच यांना सांभाळलंय, एवढं एक वाक्य काकासाहेबांना बोलता आलं असतं. ते व्हिडिओ काढत होते. तिनं नवऱ्याकडं बघितलं. बद्रीनाथ बैलाच्या खुराकडं बघत होता.

"व्हय," सरूबाई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "लावते मी कडी. दळण आणायला जाते तवा लावते. दोनदा ते रस्त्यावर सापडले, एकदा कंपनीच्या बसखाली येता येता वाचले. तवापासून लावते. कडी लावते अन् पळत जाते, पळत येते. ह्यांच्या पोरांना इचारा, मी जाते तवा त्यांच्याजवळ कोण बसायचं."

तिनं खांद्यावरची पिशवी काढून साळूबाईपुढं ठेवली.

"त्यांनी तुमाला वळखलं ताई. लई चांगलं झालं. आता न्या त्यांना. ह्यात डायपर हायेत. दुपारची गोळी जेवल्यावर. पाणी मागत नाहीत, आपणच द्यायचं." मग ती बद्रीनाथकडं वळली. "अन् तुमी सेकंड शिफ्ट मागून घेता, ते मला आज बाजारात परक्या माणसाकडून कळलं."

बद्रीनाथनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. सरूबाई कोंडाळ्यातून बाहेर पडली. मागून काकासाहेबांनी दोन हाका मारल्या. ती स्टँडवर गेली आणि शहराकडं जाणाऱ्या पहिल्या एसटीत चढली.

खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं की केळ्यांची पिशवी हातातच आहे. आडूळ येईपर्यंत तिनं सगळी केळी खाल्ली. पोट भरलं तरी राग उतरला नाही. ती मनातल्या मनात प्रत्येकाशी भांडत होती आणि प्रत्येक भांडण जिंकत होती. मधूनच तिला तात्यांच्या सुकलेल्या ओठांची आठवण यायची. मग ती स्वतःवरच चिडायची की अजून तेच आठवतंय.

घरी पोचून तिनं दार सताड उघडं टाकलं. न्हाली. केस मोकळे सोडून पायरीवर मनकर्णाबाईशेजारी बसली आणि तिनं झालं ते सगळं सांगितलं. मनकर्णाबाईनं विचारलं, म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं तर? सरूबाई म्हणाली, तिघं लेकरं हायेत जवळ. आणि मग दिवेलागणीपर्यंत रस्त्यावर गाडी वाजली की मान वर करून बघत राहिली.

मागं काय झालं ते तिला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तात्या बैल सोडून हलायला तयार नव्हते. सौदा म्हणजे सौदा, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी फकिरा दोन्ही बैल घेऊन गाडीपर्यंत चालत आला, जोडी संध्याकाळपर्यंत घरी पोचती करतो असा शब्द दिला, तेव्हा तात्या आत बसले आणि काकासाहेबांना चावी मिळाली. अर्ध्या वाटेत तात्यांचं डोकं फिरलं. चालत्या गाडीचं दार उघडायला लागले. काकासाहेबांना बैलचोर म्हणाले. साळूबाईनं दोन्ही हात धरले तर त्यांनी तिच्या तोंडावर असा फटका दिला की तिचा चष्मा फुटला. डायपर त्यांनी कधीच फाडून टाकला होता. नव्या गाडीच्या सीटचं जे व्हायचं ते झालं.

गाडी दारात आली तेव्हा अंधार पडायला लागला होता. काकासाहेब उतरले ते तावातावानंच. "तू अशी मधेच निघून कशी आलीस?" त्यांनी विचारलं.

"तुमी पाच वर्षांपूर्वी गेलात तसंच," सरूबाई म्हणाली.

ती पायरीवरून उठली नाही. तिघा भावंडांनी मिळून बापाला आत नेलं. बाथरूममधून आवाज यायला लागले. बादली पडल्याचा, तात्यांच्या ओरडण्याचा, साळूबाईच्या हुंदक्यांचा, काकासाहेबांच्या ओकारीचा. बद्रीनाथ दोनदा बाहेर येऊन टॉवेल कुठाय, पायजमा कुठाय म्हणून विचारून गेला. सरूबाईनं जागा सांगितली. तिची पायाची बोटं आवळली गेली होती, पण ती बसून राहिली.

तात्या झोपले. मग समोरच्या खोलीत, डायपरच्या पाकिटांशेजारी, सगळे बसले. काकासाहेबांनी सरळ विषय काढला, पुण्यात अशा माणसांसाठी चांगल्या संस्था आहेत, तिथं ठेवू, आठवड्याला कुणीतरी भेटून येऊ. साळूबाई फुटक्या चष्म्यातून त्यांच्याकडं बघत राहिली. "काल पिक्चर बघून येताना तर दादा, तू म्हणत होतास, बापाला कुणी परक्यात ठेवतं का म्हणून," ती म्हणाली. काकासाहेबांनी सकाळी लवकर निघायचंय असं सांगितलं आणि ते गाडी धुवायला गेले.

बद्रीनाथ जमिनीकडं बघत म्हणाला, "मला घरी यायला नको वाटतं. मी दिवसा उजेडी दारात आलो की ते इचारतात, कोण पायजे तुमाला. सख्खा बाप. म्हणून घेतो मी ती शिफ्ट."

त्याचे डोळे भरले होते. साळूबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सरूबाईनं ठेवला नाही.

"मलाबी नको वाटतं," ती म्हणाली. "रोज नको वाटतं. तुमाला कंपनी हाय. मी कुठं जाऊ?"

साळूबाई उठली. ती म्हणाली की संक्रांतीपर्यंत ती तात्यांना नाशिकला नेते. नवऱ्याशी ती बोलून घेईल. हे ती मायेनं म्हणाली की इरेला पेटून, ते सांगता येत नाही. सरूबाईनं विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तात्यांचे कपडे बांधून दिले.

आठवडा गेला नाही तोच काकासाहेबांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर बाजारातला व्हिडिओ टाकला. त्यात तात्या वाकून, शाळा सुटली का, म्हणत होते, साळूबाई बिलगत होती, मागं बैल उभे होते. तिथंच तो संपत होता. खाली हात जोडलेल्यांची आणि डोळे पुसणाऱ्यांची रांग लागली. अशी लेकरं नशिबानं मिळतात, असं कुणीसं लिहिलं होतं. सरूबाईनं तो बघितला आणि मोबाइल पलंगावर फेकला. आता काकासाहेबांना फोन करून काय काय बोलायचं याची ती मनात जुळवाजुळव करत होती. तेवढ्यात त्या व्हिडिओखाली साळूबाईनं लिहिलं, "दादा, ह्याच्या पुढचंबी टाक. वहिनी काय बोलली ते. अन् नाय टाकायचं तर हे काढ."

काकासाहेबांनी तो काढून टाकला आणि महिनाभर ते कुणाशीच बोलले नाहीत. रविवारचे फोन बंद झाले. ते अजूनही म्हणतात की त्या दिवशी त्यांच्या मनात चांगलंच होतं. तसं ते होतंही. सरूबाईला त्याचाच जास्त राग येतो.

तात्या नसलेलं घर सुरुवातीला सरूबाईला सोसवेना. दुपारी ती दचकून उठायची. मग एक दिवस तिनं पाकिटं उचलून कपाटात टाकली, मशीनला तेल दिलं, मनकर्णाबाईचा एक ब्लाउज शिवला. बायका पुन्हा यायला लागल्या. बद्रीनाथनं साहेबांना सांगून शिफ्ट बदलून घेतली आणि आता तो दिवेलागणीच्या आधी घरी यायचा. दोघांचं बोलणं कामापुरतंच व्हायचं. एकदा त्यानं तिच्यासाठी जिलेबी आणली. तिनं खाल्ली, पण त्याला वाटलं होतं तसं ती काही म्हणाली नाही.

साळूबाईचे फोन मात्र यायचे, बहुतेक दुपारचे, आणि आता ती रडत नसे, संतापलेली असे. कधी बापावर, कधी नवऱ्यावर, कधी सुनेनं नाक मुरडलं म्हणून सुनेवर. तात्या तिलाही ओळखेनासे झाले होते. सरूबाई ऐकून घ्यायची. अंघोळीचं पाणी आधी पायावर घाला, एकदम डोक्यावर ओतू नका, एवढं सांगायची. समजूत काढायची नाही.

संक्रांत झाल्यावर साळूबाई लेकाच्या गाडीतून तात्यांना घेऊन आली. सरूबाई सुईत दोरा ओवत होती, ती तशीच बाहेर आली. तात्या वाळले होते. त्यांची मान आता सारखी हलत होती. त्यांना धरून पायरी चढवताना सरूबाईचं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. नखं वाढली होती, आत मळ साचला होता.

"हे काय ताई?" ती तिथंच उसळली. "नखं तरी कापायची माणसाची. खाजवून खाजवून रगत काढलंय त्यांनी दंडाला."

साळूबाईनं तिच्यासमोर बाही वर केली. मनगटावर दातांचा निळा वळ होता. "कापू देतेत का ते? चावले मला. तुमी सांगितलं होतं का मला, ते चावतेत म्हणून?"

"मला नाय चावले कधी."

"मग तुमीच ठेवायचे होते."

"पाच वर्षं ठेवले की."

बद्रीनाथनं मध्ये पडून, आत तर चला, असं म्हटलं. दोघी मिळून त्याच्यावर ओरडल्या. तो आत जाऊन नेलकटर आणि कोमट पाण्याचं भांडं घेऊन आला. तात्यांना खुर्चीत बसवलं. साळूबाईनं एका हातानं त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं त्यांची हनुवटी आपल्या खांद्याला लावून घेतली, म्हणजे चावता येऊ नये. सरूबाईनं खाली बसून त्यांची बोटं पाण्यात बुडवली. गोळी सकाळी द्यायची की रात्री, डॉक्टर कुणाचा ऐकायचा, पुढच्या खेपेला न्यायला कुणी यायचं, यावर दोघींचं भांडण चालूच होतं. अंगठ्याचं नख मऊ झाल्यावर सरूबाईनं नेलकटर उचललं, साळूबाईला म्हणाली, "नीट धरा," आणि कापायला लागली.